शोधलं कुणी, नाव कुणाचं

राजापेठ, अमरावती
२० फेब्रुवारी २०२५

प्रणालीताई,

पोस्टाचं पाकीट बघून तुला हसू आलं असेल. हसून घे आणि मग एकटी असताना वाच. मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलंय, म्हणजे घरी कुणाच्या हाती पडायला नको. फोनवर आता मी ‘जेवलीस का’ याच्यापुढे काही लिहिणार नाही. रविवारी मोर्शीला काय झालं ते तुला उडत उडत कळलं असेलच. तू येणार होतीस, पण तुझं डोकं दुखत होतं म्हणे. म्हणून नीट सांगते.

पुष्करकडचे आले. पुष्कर स्वतः आला नाही. त्याचे काका पंजाबराव, त्याची आई आणि एक मावशी. साक्षगंधाला महिनाही झाला नव्हता, आम्हाला वाटलं पत्रिका छापायचं बोलायला आलेत. आईने पोहे केले. पंजाबरावांनी पोह्यांच्या बशीशेजारी एक पाकीट ठेवलं. आत फोनच्या पडद्याचे छापलेले फोटो. वर माझं नाव, माझा निळ्या कुर्त्यातला चेहरा, आणि खाली मी माझ्या सोशल मीडियाच्या खात्यावरून काय काय शोधलं त्याची यादी. ‘कोड बरा होतो का.’ ‘पांढरे डाग आणि लग्न.’ ‘कोड असलेल्यांचा गट.’ ‘आईपासून मुलांना होतो का.’ आणखीही बरंच होतं.

“पोरगी चांगली आहे, आमाले तिचं काई म्हननं नाई,” पंजाबराव म्हणाले, “पन लपवलं कावून?”

मी म्हटलं, मला काहीही नाही. तर मावशी म्हणाल्या, “आत खोलीत नेऊन पाहून घेऊ ना मंग. काई नसन त आमीच माफी मागू.”

ताई, मी फिजिक्स शिकवते. दोनशे पोरांसमोर रोज उभी राहते. आणि माझ्या बापाच्या घरात एक बाई मला खोलीत नेऊन, कपडे उतरवून तपासणार होती. मी नाही म्हटलं. झालं, माझा नकार हाच त्यांचा पुरावा ठरला. बाबा उठून उभे राहिले. “माह्या पोरीले कोनी आत नेनार नाई. च्या घ्या अन् निघा,” म्हणाले. त्या क्षणी मला बाबांचा फार अभिमान वाटला. पण संध्याकाळी गोठ्याकडे मला बाजूला घेऊन तेच म्हणाले, “पोरी, काई असन त मले सांग. आपन नागपूरले दाखवू.” ते एक वाक्य मला पंजाबरावांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ते कुणासाठी शोधलं हे तुला आणि मलाच ठाऊक आहे. भाऊबीजेला तू बाही वर करून तो डाग दाखवलास. लग्नाआधीपासूनचा, ना दुखत ना खुपत, ना कुणाला लागत, पण चार वर्षं तू तो लांब बाह्यांखाली ठेवलास आणि ‘फसवून लग्न केलं म्हणतील गं’ म्हणून रडलीस. तुझ्या नावाने शोधायला नको, म्हणून मी माझ्या खात्यावरून शोधलं. मला वाटायचं, शोधलं, वाचलं, संपलं. साइट चालवणारी कंपनी हे सगळं तारखेनिशी जपून ठेवते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माणूस देवापुढे जे बोलत नाही ते त्या चौकोनात टाइप करतो.

तुझं नाव मी घेतलं नाही. बाबांजवळही नाही. घेणारही नाही.

पण ज्याने माझी यादी उघडून तिचे फोटो काढले, त्याला मी सोडणार नाही. हे स्थळ तू आणलंस, मध्यस्थ तू आहेस, पुष्करचं घर तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. कुणी पोचवलं ते काढ. मला फक्त नाव हवंय. पुढचं मी बघते.

तुझी
श्रावणी


जठारपेठ, अकोला
२५ फेब्रुवारी २०२५

माझी सोन्यासारखी श्रावू,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि डोळ्यांना पदर लावून बसले. बाकीच्या बायकांना सांगितलं, डोळ्यात कचरा गेला. किती गं केलंस माझ्यासाठी! सख्खी बहीण करणार नाही ते मावसबहिणीने केलं. तू माझं नाव घेतलं नाहीस, हे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

मी पुष्करच्या आईकडे जाऊन आले. त्या धड सांगत नाहीत. कुठून तरी फोनवर आलं, एवढंच. मध्यस्थ म्हणून मलाच चार शब्द ऐकवले. “तुमीनं आमाले फसवलं,” म्हणाल्या.

पण मी विचार करून राहिले होते. तुमच्या क्लासमध्ये तो कॉम्प्युटरवाला नितेश आहे ना? फी, हजेरी सगळं बघतो तो? तूच मागे सांगितलं होतंस की क्लासच्या जाहिराती टाकायला तू तिथे तुझं खातं उघडतेस. आणि तो मूळचा अकोल्याचा. त्याची बहीण पुष्करच्याच गल्लीत दिली आहे. मी कुणावर आळ घेत नाही, पण चोराच्या मनात चांदणं. त्याच्याकडे एकदा नीट बघ. तोच असेल तर सोडू नकोस. अशा माणसाला दया दाखवली की तो दुसऱ्या पोरीचं घर मोडतो.

आणि एक सांगू? पासवर्ड वगैरे बदलू नको. उद्या पोलिसात जायची वेळ आली तर आहे तसं खातं पुरावा म्हणून लागेल. राहू दे तसंच.

तुझीच
प्रणालीताई


राजापेठ, अमरावती
६ मार्च २०२५

ताई,

काम झालं. नितेशला काढलं.

मी क्लास चालवणाऱ्या सरांना सांगितलं, हा माणूस इथे राहिला तर मी राहणार नाही. बारावीच्या परीक्षा चालू, सीईटीच्या बॅचेस तोंडावर आणि फिजिक्सची मॅडम जाणार म्हटल्यावर सरांनी फार विचार केला नाही. नितेशला ऑफिसात बोलावलं. मी समोर बसले होते. तो म्हणाला, “मॅडम, मी तुमचं खातं कदी उघडलंच नाई. माह्यावर कावून आळ घेता?” मी म्हटलं, तुझी बहीण कुठे दिली आहे ते सांग. तो म्हणाला, अकोल्यात. मी सरांकडे बघितलं. बस, तेवढंच पुरलं.

त्याची आई पार्बताबाई दुसऱ्या दिवशी क्लासच्या पायऱ्यांवर येऊन बसली. मी दुसऱ्या जिन्याने वर गेले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी येऊन पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी. माझी लाज ज्याने चव्हाट्यावर मांडली त्याला निदान उन्हातान्हात नोकरी शोधत फिरावं लागेल. पुढच्या आठवड्यात होळी आहे. त्याच्या नावाने बोंब मारायचीही आता गरज नाही, मी मारून झाले.

तुझ्यामुळे सापडला. माझ्या एकटीच्या लक्षात आलं नसतं.

श्रावणी


जठारपेठ, अकोला
१२ मार्च २०२५

श्रावू बाळा,

वाचून जिवाला थंड वाटलं. केलेल्याचं फळ मिळालं त्याला. आता तू हे सगळं मनातून काढून टाक. जे झालं ते तुझ्या भल्यासाठीच झालं म्हण. पुष्करसाठी आता यवतमाळची मुलगी बघून राहिले म्हणतात. जाऊ दे, तुला त्याच्याहून चांगला मिळेल. माझ्या डोळ्यासमोर एक स्थळ आहे, दर्यापूरकडचं, मुलगा बँकेत आहे. तू हो म्हण, मी पुढचं बघते.

इकडे ऊन आतापासूनच अंगाची लाही करतंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाकी सगळं ठीक. तू पासवर्ड बदलला नाहीस ना?

प्रणालीताई


राजापेठ, अमरावती
२४ मार्च २०२५

प्रिय ताई,

नाही बदलला. तू सांगितलंस तसाच ठेवलाय.

दर्यापूरच्या स्थळाचं सावकाश बघू. सध्या परीक्षा संपल्यात, पण सीईटीच्या बॅचेस सुरू आहेत, मरायला वेळ नाही. गेल्या रविवारी मोर्शीला जाऊन आले. संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची फळं वाटाण्याएवढी धरलीत. बाबा हल्ली झाडांशी जास्त बोलतात, माझ्याशी कमी.

एक विचारायचं राहिलं. पुष्करकडची अंगठी आणि साडी अजून आमच्याकडेच पडून आहे. बाबा म्हणतात, ज्या हातांनी आणलं त्याच हातांनी परत जायला पाहिजे. आपल्याकडे मोडलेल्या सोयरिकीचा ऐवज मध्यस्थच नेतो. तेव्हा ते न्यायला तुला यावं लागेल. सवडीने ये.

तुझ्या सासूबाईंच्या, मनकर्णाबाईंच्या गुडघ्यांना आराम आहे का? त्यांची आठवण येते. साक्षगंधात त्यांनी मला मांडीशी बसवून घेतलं होतं. श्यामरावांनाही नमस्कार.

तुझी
श्रावणी


जठारपेठ, अकोला
२ एप्रिल २०२५

श्रावू,

हे पत्र घाईत लिहितेय, शाळा सुटायला थोडाच वेळ आहे.

तू हे काय चालवलंयस? गेल्या आठवड्यात तू आमच्या सासूबाईंचं नाव का शोधलंस? मग त्यांच्या भजनी मंडळाचा गट. मग श्यामचं नाव, एकदा नव्हे, रोज. काल तर ‘मनकर्णाबाई’ आणि त्याच्या खाली ‘कोड’. तुला त्यांना काही कळवायचंय का? श्रावू, तू शब्द दिला होतास. माझं नाव घेणार नाही म्हणून लिहून दिलं होतंस. माझा संसार आहे गं. श्यामला कळलं तर तो मला तोंड दाखवू देणार नाही. सासूबाई तर सगळ्या जठारपेठेत दवंडी पिटतील.

कृपा करून हे थांबव. त्यांना मेसेज करू नकोस. काही हवं असेल तर मला सांग, मी तुझ्या पाया पडते.

प्रणाली


राजापेठ, अमरावती
६ एप्रिल २०२५

प्रणाली,

मी मनकर्णाबाईंचं नाव शोधलं हे तुला कुणी सांगितलं?

मी कुणाला बोलले नाही. तुला लिहिलं नाही. माझ्या खोलीत बसून, माझ्या फोनवर, माझ्या खात्यात मी ती नावं टाकली. ती दिसायची तर एक मला, दुसरं त्या कंपनीला. आणि तिसरं, ज्याच्या फोनवर माझं खातं उघडं आहे त्याला. मी रोज एक नाव टाकत होते आणि वाट बघत होते. तू दहा दिवसही दम धरला नाहीस.

आता ऐक. होळीच्या सुटीत मी ते छापलेले फोटो पुन्हा काढून बसले. त्या रविवारी रागात फक्त वरच्या चार ओळी वाचल्या होत्या. खालच्या वाचल्या नव्हत्या. ‘हातावरचा डाग मेकअपने झाकणे.’ ‘लग्नाआधीचा डाग नवऱ्याला कळला तर.’ हे मी कधीच शोधलं नाही. मला नवराच नाही, मी कशाला शोधू? मग खातं कुठे कुठे उघडं आहे ते बघितलं. एक अमरावती. एक अकोला, तू वापरतेस त्याच कंपनीचा फोन, भाऊबीजेपासून. तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘एकदा माझ्या फोनवर उघडून दे, गटातल्या बायकांचं वाचते, मग बंद करते.’ दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलंस, बंद केलं. मी विश्वास ठेवला. खात्री करून घेतली नाही, कारण तू ताई होतीस.

क्लासचा कॉम्प्युटर त्या यादीत नव्हताच. जाहिरातींसाठी सरांचं खातं आहे. तिथे मी माझं उघडते असं मी तुला कधी सांगितलं? तू ठोकून दिलंस आणि मी गिळलं. मी नितेशच्या घरी गेले, त्याच्या आईसमोर माफी मागितली. सरांनाही सांगितलं, त्याला परत घ्या. तो दारातूनच म्हणाला, “तुमचं झालं असन त आता माह्यं नाव नका घेऊ मॅडम.” तो परत आला नाही. तो जिना मी आयुष्यभर चढणार आहे आणि तो तू मला चढायला लावलास.

मी तुझा डाग माझ्या नावावर घेतला. तुझ्यासाठी माझ्या बापाच्या नजरेत संशय बघितला आणि तोंड शिवून बसले. आणि तू?

मला आता राग येत नाही, ताई. राग फार लहान पडतो. मला तुला कचाट्यात धरायचंय, जशी त्या दिवशी बैठकीत मी होते, तीन माणसं समोर आणि सुटायला वाट नाही. अक्षय तृतीयेपर्यंत वेळ देते. ते फोटो तुझ्या फोनवरून पुष्करकडे कसे गेले ते मला लिही, खरं. आणि तुझ्या घरात श्याम आणि मनकर्णाबाईंसमोर बाही वर कर. नाहीतर पितरांची घागर भरून झाली की मी अकोल्याची बस पकडते आणि तुझ्या घरी येऊन स्वतः सांगते.

श्रावणी


जठारपेठ, अकोला
१२ एप्रिल २०२५

श्रावू,

खरं लिहिते. देवाशपथ, मी काही मुद्दाम केलं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. सासूबाई वाण ठेवायला माझं कपाट उघडून बसल्या आणि त्यांना मलमाची ट्यूब सापडली. त्यांनी विचारलं, हे कशाचं? मी काहीतरी सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मी फोनवर तेच वाचत होते, त्यांनी फोन हातातून घेतला. तोंडातून निघून गेलं, ‘हे श्रावणीचं आहे. मलमही तिच्यासाठीच आणलंय. बघा, वर नाव तिचंच आहे.’ नाव तुझंच होतं ना गं. त्यांनी त्यांच्या फोनने फोटो काढले. मला वाटलं, राहतील त्यांच्यापाशी. त्या भजनी मंडळात पुष्करच्या आईजवळ बसतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग सगळं हातातून निसटलं. एकदा खोटं बोलले की पुढचं खोटं आपोआप येतं. नितेशचं नाव मी घाबरून घेतलं. मला वाटलं, कुणीतरी सापडलं की तू शांत होशील.

तुझा राग मी समजू शकते. पण आता कशाला उगाच उकरायचं? काल मी तुझ्या खात्यातलं शोधलेलं सगळं पुसून टाकलं. एकूण एक ओळ. आता काहीच उरलं नाही, ना तुझ्यावर, ना माझ्यावर. अंगठीसाठी मी येते, पण शांतपणे, नेहमीसारखी. माझ्या मावशीची, तुझ्या आईची आण आहे तुला.

तुझी
प्रणालीताई


राजापेठ, अमरावती
१६ एप्रिल २०२५

प्रणाली,

फोटो गेले त्या दिवसापासून ते लोक मोर्शीला येईपर्यंत तुझ्याकडे फोन नव्हता का? एक फोन केला असतास तर मी पोह्यांच्या बशीपुढे तशी बेसावध बसले नसते. तू डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलीस. म्हणजे ते कशासाठी येतायत हे तुला ठाऊक होतं.

तू पुसलंस. पुसलेलं तुला आणि मला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या कंपनीकडे काय उरलं ते देव जाणे आणि ती कंपनी जाणे. माझ्याकडे मात्र सगळं आहे, तू पुसायच्या आधीच मी उतरवून घेतलं होतं, कुठल्या ओळी कधीच्या त्याच्यासकट. माझ्या आईची आण घालायला तुझी जीभ कशी रेटली?

अक्षय तृतीया तीस तारखेला आहे.

श्रावणी


जठारपेठ, अकोला
२ मे २०२५

प्रिय श्रावू,

सांगितलं. अक्षय तृतीयेला घागर पुजून झाली, पुरणपोळीची पानं वाढायच्या आधी मी श्याम आणि सासूबाईंना बसवलं आणि बाही वर केली. बोलताना दात वाजत होते. इतक्या उन्हात.

श्याम काय म्हणाला माहीत आहे? “मले त लग्नाच्या पयल्याच सालात दिसलं होतं. तू झाकून राहिली, म्हून मी बोललो नाई. तुले वाईट वाटन म्हटलं.” आणि उठून पानं वाढायला घेतली. श्रावू, मी चार वर्षं कुणापासून लपवत होते गं? मी रडले आणि हसलेही.

सासूबाई मात्र माझ्याशी बोलत नाहीत. डागाचं त्यांना काही नाही. “त्या पोट्टीचं नाव कावून घेतलं तू? माह्या हातानं मी तिचं लगन मोडलं,” एवढंच म्हणाल्या आणि तेव्हापासून माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. काल दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः पुष्करच्या घरी चालत गेल्या आणि पंजाबरावांना सगळं सांगून आल्या.

आणि आता गोड बातमी. पुष्करकडचे तयार आहेत! यवतमाळचं जमलं नव्हतंच. गैरसमज दूर झाला म्हणतात. पुष्कर स्वतः तुला भेटायला अमरावतीला येणार आहे. बघ, शेवटी सगळं सुरळीत झालं. मोडलेलं जुळलं की मध्यस्थाला दोनदा मान द्यावा लागतो म्हणतात, मला काही नको, तू फक्त मला माफ कर. झालं गेलं गंगेला मिळालं असं समज. उत्तराची वाट बघते.

तुझी, आता खरंच हलकी झालेली
प्रणालीताई


राजापेठ, अमरावती
९ मे २०२५

प्रणाली,

तुझं पत्र वाचून सगळ्यात आधी मला श्यामरावांचा हेवा वाटला, मग तुझा. तू झाकत होतीस ते कुणाला लागतच नव्हतं. ज्या भीतीपायी माझं साक्षगंध मोडलं, नितेशची नोकरी गेली, त्या भीतीची किंमत पुरणपोळीचं पान वाढायला लागतो तेवढा वेळ. तुला बाही वर करायला लावणं ही माझी शिक्षा होती. ती तुझ्यासाठी सुटका निघाली. मी याच्यावर दोन दिवस जळत होते. अजूनही जळतेय.

पुष्कर आला होता, सोमवारी दुपारी, दोन बॅचेसच्या मधल्या वेळात. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात संत्रा बर्फीचा डबा. म्हणाला, “झालं ते वाईट झालं. घरच्या मोठ्यांनी घाई केली. आता सगळं स्पष्ट झालंय, तुमच्याबद्दल काही शंका नाही.” वकिलासारखं बोलला, जणू मी निर्दोष सुटले होते.

मी म्हटलं, तुमचा फोन काढा. त्या साइटवर आजपर्यंत काय काय शोधलं ते उघडा आणि इथे टेबलावर ठेवा. मी वाचते, मग ठरवू.

तो हसला. मी हसले नाही. म्हणाला, “हे काय भलतंच? ते वैयक्तिक असतं.” मी म्हटलं, माझं वैयक्तिक तुमच्या काकांनी माझ्या बापापुढे पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं होतं. त्यात काही नसेल तर मीच माफी मागेन, तुमच्या मावशी म्हणाल्या होत्या तशी. त्याचा चेहरा उतरला. फोन त्याच्या हातातच होता. मी बघत असताना त्याने तो उलटा केला आणि खिशात टाकला.

मग मी आदल्या दिवशी मोर्शीहून आणलेली अंगठी ड्रॉवरमधून काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. साडीची पिशवी तिथेच होती, तीही दिली. बाबांनाही फोन करून सांगितलं. बाबांनी आधी विचारलं, साडीही दिली का. मग म्हणाले, “मी त्या संध्याकाळी तुले इचारलं, ते इचाराले नाई पायजे होतं.” मोर्शीच्या घरातून मला हवं होतं ते एवढंच होतं आणि ते मिळालं. तुझ्याकडून काही हवं नाही. मोर्शीला यायचे कष्ट घेऊ नकोस. ऐवज परत गेला, मध्यस्थाचं काम संपलं.

माफीचं लिहिलंस. मी माफ केलेलं नाही. आईकडच्या लग्नकार्यात भेटशील, तेव्हा मी तुला ताई म्हणेन, पाटावर शेजारी बसेन, लोकांना काही कळणार नाही. पण तुला कळेल. झालं गेलं गंगेला मिळत नाही, प्रणाली. ते कुठेतरी तारखेनिशी पडून असतं. माझ्याकडेही आहे.

काल संध्याकाळी मी तुझ्या फोनवरचं माझं खातं बंद केलं. त्या गटातल्या बायका चांगल्या आहेत, तुला त्यांची गरज लागेल. फक्त यापुढे तिथे जायचं असेल तर स्वतःच्या नावाने जा.

श्रावणी